बचाव सुधारला, हे कशावरून?

(आपल्या १९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरच्या आदरणीय सर आणि बाई, आणि केस पांढरे झाले तरी आजही मागचीच खुर्ची पकडून बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. "संख्याशास्त्रावर बोलू नकोस, लोक झोपतील," अशी तंबीही दिली आहे. मी म्हटलं, फुटबॉलवर बोलतो. कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की कुणी झोपत नाही. पण माझं आयुष्य कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे फुटबॉलच्या पिशवीतून थोडं संख्याशास्त्र निघालंच तर सांभाळून घ्या.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी नावाने आठवत नसेन, 'वहीवाला' म्हणून आठवत असेन. अंगकाठी अशी की फुटबॉलला लाथ मारली तर मीच मागे जायचो. तरी मैदानावर रोज हजर. शेवटी खेळाच्या सरांनी कंटाळून माझ्या हातात एक दोनशे पानी वही दिली आणि म्हणाले, "तू आमचा हिशेब लिही." त्या दिवसापासून शाळेच्या संघाचा प्रत्येक सामना मी लिहून ठेवला. नववीचा हंगाम आणि दहावीचा हंगाम. ती वही अजून माझ्याकडे आहे. आज सोबत आणली आहे. तिच्याकडे शेवटी येतो. त्याआधी जरा इंग्लंडला जाऊन येऊ, कारण त्या वहीत मी काय घोळ घातला ते मला तिकडच्या एका संघामुळे कळलं.

माझी मुलगी लिव्हरपूलची भक्त आहे. आपल्या काळी पेठेपेठेत शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील, दिलबहार यांच्यावरून घरात भांडणं व्हायची, तशी आता आमच्या घरी लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटीवरून होतात. तिच्या खोलीत व्हर्जिल व्हॅन डाइकचं पोस्टर. नेदरलँड्सचा हा उंचापुरा बचावपटू लिव्हरपूलने साडेसात कोटी पौंड मोजून साउदॅम्प्टनकडून घेतला, तो जानेवारी २०१८ मध्ये संघात आला. बचावपटूसाठी एवढे पैसे तोवर कुणी मोजले नव्हते. मुलगी म्हणाली, "बाबा, हा आला आणि आमचा बचावच बदलला." मी बापाच्या नाही, मास्तराच्या आवाजात विचारलं, "कशावरून?"

ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने आकडे फेकले. प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. २०१६-१७ च्या हंगामात लिव्हरपूलवर ४२ गोल झाले. २०१७-१८ मध्ये ३८. आणि २०१८-१९ मध्ये फक्त २२. "आणखी काय पाहिजे?"

खरं सांगू का, एवढ्यावर माझंही समाधान झालं असतं. पण सवय वाईट. गोल ही फुटबॉलमध्ये फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. क्वचित घडणाऱ्या गोष्टी मोजल्या की मोजणीत नशिबाचा हिसका येतोच. खांबाला लागून आत गेला तर गोल, खांबाला लागून बाहेर गेला तर टाळ्या. संघ तसूभरही न बदलता आकडा वरखाली होतो. किती होतो? आम्ही वर्गात एक ढोबळ रीत सांगतो, आकड्याचं वर्गमूळ काढा. ३८ चं वर्गमूळ साधारण सहा. म्हणजे अंगावर झालेले गोल ४२ वरून ३८ वर आले तर त्या चार गोलांच्या फरकातून बचाव सुधारला की नाही, काहीही कळत नाही. पेढे वाटायचे नाहीत आणि कुणाला काढायचंही नाही. ३८ वरून २२ मात्र १६ चा फरक आहे. दोन हंगामांची तुलना करताना हिसका दोन्हीकडून येतो, तो धरला तर सुमारे आठ. १६ म्हणजे त्याच्या दुप्पट. तेव्हा इथे काहीतरी खरोखर घडलं, असं मानायला जागा आहे. (पहिल्या रांगेतले गणिताचे सर मान हलवतायत. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझं उत्तर बरोबर आलेलं दिसतंय.)

पण काहीतरी घडलं हे कळणं वेगळं आणि कुणामुळे घडलं हे कळणं वेगळं. मी मुलीला म्हटलं, व्हॅन डाइक ज्या हंगामाच्या मधोमध आला तोच हंगाम घेऊ आणि तिथेच कापू. त्याचा लिव्हरपूलकडून लीगमधला पहिला सामना २२ जानेवारी २०१८ चा, स्वान्सीविरुद्धचा. त्याआधी २३ सामने झाले होते, त्यांत २८ गोल झाले. नंतरच्या १५ सामन्यांत १०. सामन्याला सव्वा गोल होत होता, तो पाऊण गोलाच्याही खाली आला. मुलगी टेबलावर हात आपटून म्हणाली, "झालं ना?"

नाही झालं. मी एकेक सामना कागदावर उतरवत गेलो, तसा त्या २३ सामन्यांच्या पोटात आणखी एक कात दिसला. पहिल्या नऊ सामन्यांत १६ गोल. वॉटफर्डने तीन केले, मँचेस्टर सिटीने पाच, टॉटनहॅमने चार. टॉटनहॅमचा तो सामना २२ ऑक्टोबरचा, नववा. त्यानंतरच्या १४ सामन्यांत झाले फक्त १२. म्हणजे घसरण थांबली ती ऑक्टोबरमध्ये. व्हॅन डाइक तेव्हा साउदॅम्प्टनमध्येच होता! १४ सामन्यांत १२ आणि त्याच्यानंतर १५ सामन्यांत १०. हा फरक तर वर्गमूळाच्या हिसक्यात सहज बुडून जातो.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही तुम्हाला पाहिजे तिथे कापताय. अगदी बरोबर. व्हॅन डाइकच्या पहिल्या सामन्याशी कापलं तर तो नायक. ऑक्टोबरमध्ये कापलं तर श्रेय दुसऱ्याच कुणाचं. आणि मी तर सगळा हंगाम संपल्यावर, कुठे कापलं की फरक मोठा दिसतो ते बघून कापलं. ही चोरीच आहे, आणि तिच्यात मी सरावलेला आहे. म्हणून नुसत्या बेरजेवर न थांबता एकेक सामना उघडून बघावा लागतो.

सिटीने पाच गोल केले तो सामना बघा. ९ सप्टेंबर २०१७. ३७ व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या सादियो मानेचा पाय वर उचललेला होता, तो सिटीच्या गोलकीपरच्या चेहऱ्याला लागला आणि त्याला लाल कार्ड मिळालं. तेव्हा सिटीचा एकच गोल झाला होता. उरलेले चार दहा जणांवर झाले. हंगामाच्या बेरजेत ते पाच गोल इतर गोलांच्या शेजारी निमूट बसतात. दहा जण होते की अकरा, बेरीज विचारत नाही.

आणि समोर कोण होतं? त्या वर्षीच्या सिटीने लीगमध्ये १०० गुण मिळवले, १०६ गोल केले. लिव्हरपूलचे सिटीशी असलेले दोन्ही लीग सामने व्हॅन डाइकच्या आधीच्या २३ मध्ये पडले. दोन सामन्यांत मिळून आठ गोल. नंतरच्या १५ मध्ये सिटी एकदाही नाही. ज्याच्या वाट्याला तो पेपरच आला नाही, त्याचे मार्क जास्त म्हणून तो हुशार, असं आपल्या बाईंनी कधी मानलं नसतं.

इथे मुलीने मला गप्प केलं. म्हणाली, "बाबा, लीगमध्ये सिटी आली नाही, पण चॅम्पियन्स लीगमध्ये आली. एप्रिलमध्ये. दोनदा." आणि खरंच, उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या सामन्यात ३-०, दुसऱ्यात २-१. त्याच सिटीचा दोन सामन्यांत मिळून एकच गोल. मी कागद बाजूला ठेवून चहा मागवला. दोनच सामने आहेत, त्यांच्यावर फार वजन टाकता येत नाही, हे मास्तर म्हणून मला माहीत होतं. पण तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. मी फक्त एवढंच म्हटलं, की त्या दोन सामन्यांत डाव्या बाजूला अँडी रॉबर्टसनही होता. तो हल सिटीकडून त्याच हंगामाच्या सुरुवातीला आला होता आणि डिसेंबरपासून नियमित खेळायला लागला होता. उजवीकडे ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड होता, जेमतेम एकोणीस वर्षांचा पोरगा, जागा पक्की करत असलेला. फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता एकदमच पडल्यावर वास कशाचा आला हे नाकाला कसं सांगता येणार?

पुढच्या हंगामात तर आणखी एक जिन्नस पडला. ब्राझीलचा गोलकीपर अॅलिसन रोमाहून आला. तो हंगाम मी झटपट सांगतो, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. २२ गोल, लीगमध्ये सगळ्यांत कमी. अॅलिसनच्या २१ क्लीन शीट. ९७ गुण मिळवूनही सिटीच्या ९८ मुळे दुसरा नंबर, पण चॅम्पियन्स लीग जिंकली. त्या वर्षी व्हॅन डाइकच्या नावावर एक विलक्षण नोंद झाली, की लीगच्या पूर्ण हंगामात एकही खेळाडू त्याला हुलकावणी देऊन चेंडू पुढे घेऊन गेला नाही. ती मोडली ऑगस्ट २०१९ मध्ये, आर्सेनलच्या निकोलस पेपेने. नोंद खरी आहे, पण तिच्यातही एक मेख आहे. चेंडू काढायला बचावपटू अंगावर गेला आणि फसला, तरच हुलकावणी मोजली जाते. व्हॅन डाइक मुळात अंगावर जायचाच कमी. तो मागे सरकत, समोरच्याला कडेला ढकलत नेतो आणि शेवटी तो बिचारा कंटाळून चेंडू मागे देतो. बचावाचं काम नीट झालं तर त्याचा आकडाच उरत नाही. टॅकल मोजता येतात, न कराव्या लागलेल्या टॅकल कशा मोजायच्या?

आता जो हंगाम मी वर्गात हमखास सांगतो, तो. २०२०-२१.

सुरुवात भयंकर. लीड्सने तीन गोल केले, चेल्सीने शून्य, आर्सेनलने एक आणि ४ ऑक्टोबर २०२० ला अॅस्टन व्हिलाने सात. होय, सात. चार सामन्यांत ११. पाचवा सामना एव्हर्टनशी, १७ ऑक्टोबरला. सुरुवातीच्या काही मिनिटांतच त्यांच्या गोलकीपरशी टक्कर होऊन व्हॅन डाइकचा गुडघा गेला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. तो सामना २-२ सुटला, तो बाजूला ठेवू. उरले ३३ सामने. पूर्ण हंगामात गोल झाले ४२, म्हणजे या ३३ सामन्यांत २९.

हिशेब बघा. व्हॅन डाइक पूर्ण सामने खेळला तेव्हा चार सामन्यांत ११, सामन्याला पावणेतीन. तो नसताना ३३ सामन्यांत २९, सामन्याला एकही नाही. मी वर्गात हे दोन आकडे फळ्यावर लिहायचो, नावं न सांगता, आणि विचारायचो, या खेळाडूचं काय करायचं? दरवर्षी कुणीतरी पोरगा उठून म्हणायचा, "सर, विकून टाका." मग मी सांगायचो की तुम्ही जगातल्या उत्तम बचावपटूंपैकी एकाला नुकतंच घरी बसवलं.

खरं काय झालं होतं? ११ पैकी सात एका संध्याकाळचे, आणि त्या संध्याकाळी गोलमध्ये अॅलिसन नव्हता. उरल्या सामन्यांचं म्हणाल तर व्हॅन डाइकपाठोपाठ जो गोमेझ जायबंदी झाला, मग जोएल मॅटिप. फाबिन्यो आणि कर्णधार हेंडरसन या मधल्या फळीतल्या माणसांना ओढून मागे उभं करावं लागलं. त्यांनी मागची बाजू बऱ्यापैकी राखली, म्हणून ते २९. पण मधली जागा रिकामी पडली आणि पुढे चेंडू जाईना. आदल्या हंगामात लिव्हरपूलने ८५ गोल केले होते, या हंगामात ६८. अॅनफिल्डवर, घरच्या मैदानावर, लागोपाठ सहा लीग सामने हरले. क्लबच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. बचाव मोडला त्याची किंमत बचावाच्या रकान्यात दिसलीच नाही, ती गोल करणाऱ्यांच्या रकान्यात निघाली. घरातलं एक माणूस आजारी पडलं की त्याचं काम दुसरं कुणीतरी ओढतं. घर चालू राहतं, पण त्या दुसऱ्याचा अभ्यास बुडतो, तसं.

मधला २०१९-२० चा हंगामही असाच फसवा. ३३ गोल झाले, आधीच्या वर्षीपेक्षा ११ जास्त. बचाव बिघडला? त्याच वर्षी ते ९९ गुणांनी विजेते झाले! विजेतेपद ठरलं २५ जून २०२० ला, ३१ सामन्यांनंतर. तोवर गोल झाले होते २१. पुढच्या सात सामन्यांत, जिंकायचं काही उरलं नसताना, १२. बोर्डाची परीक्षा संपल्यावर आपण कसला अभ्यास केला होता ते आठवा.

एवढं सगळं झाल्यावर मुलीने रास्त प्रश्न विचारला. "मग बाबा, बघायचं तरी काय?" हल्ली लोक गोल मोजण्याआधी संधी मोजतात. प्रत्येक फटका कुठून मारला, गोलचा किती भाग समोर दिसत होता, पायाने की डोक्याने, हे पाहून त्या जागेवरून शंभरात किती वेळा गोल होतो ते काढतात. पेनल्टीला साधारण पाऊण गोल. पंचवीस मीटरवरून मारलेल्या फटक्याला शंभरात दोनतीन. सामन्यातल्या सगळ्या फटक्यांची अशी बेरीज केली की समोरच्याला आपण किती मोकळीक दिली ते कळतं. ती बचाव फळीची, खरं तर सगळ्या संघाची जबाबदारी. त्या मोकळिकीतून प्रत्यक्षात किती गोल झाले, त्यात गोलकीपरचा हात आणि नशीब. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले की शेवटी शिव्या त्यालाच, जो शेवटी उभा असतो.

गोलकीपरचा विषय निघालाच आहे. लोरिस कारियस आठवतो? २६ मे २०१८, कीव्ह, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, रियल माद्रिदविरुद्ध. एक चेंडू त्याने हाताने टाकला तो बेंझेमाच्या पायावर लागून आत गेला. दुसरा, बेलचा लांबून मारलेला फटका, हातातून सुटला. ३-१ ने हरले. तो रडत प्रेक्षकांसमोर हात जोडत फिरला, ते चित्र जगाने बघितलं. काही दिवसांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा त्यांचं मत पडलं, की त्या सामन्यातच त्याच्या मेंदूला धक्का बसला होता. त्या चुकांचं कारण तेच होतं की नाही, कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मी मघाशी सांगितलेले १५ सामन्यांत १० गोल, ज्याचं श्रेय माझी मुलगी व्हॅन डाइकला देत होती, त्यांतल्या बहुतेक सामन्यांत गोलमध्ये कोण होतं? हाच कारियस. क्लॉपने त्याला जानेवारीत पहिला गोलकीपर केलं होतं. चांगलं झालं तेव्हा तो बचावाचा आकडा होता आणि वाईट झालं तेव्हा तो एकटा होता.

हे मुलीला सांगता सांगता मी मधेच थांबलो. ती म्हणाली, "काय झालं?" मला आपली वही आठवली होती.

आता वहीकडे येतो. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे तो इथेच, या सभागृहात आहे. मागच्या आठवड्यात मी त्याला फोन करून विचारलं, सांगू का? तो म्हणाला, "सांग की. फक्त नाव घेऊ नको. तसंबी सगळ्यांना ठावं हाय." तेव्हा मी नाव घेत नाही. नववीत तो आपला गोलकीपर होता.

नववीच्या हंगामात आपण पाच सामने खेळलो आणि आपल्यावर ११ गोल झाले. दहावीत गोलकीपर बदलला. सहा सामने, चार गोल. हे आकडे मी मोठ्या खडूने, दोन रंगांत, शाळेच्या फलकावर लिहिले होते. वर मथळा दिला होता, 'बचाव सुधारला'. खाली दोन्ही गोलकीपरांची नावं आणि नावापुढे गोल. मला कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी तर मुळीच नाही, ते आज इथे आहेत म्हणून मुद्दाम सांगतो. मला माझ्या हिशेबाचा अभिमान होता. मधल्या सुट्टीत पोरं फलकासमोर उभी राहून '११, ११' म्हणत होती. नंतर त्याला वर्गात 'अकरा' म्हणूनच हाक मारायचे, मीही मारली असणार. तो त्यानंतर मैदानावर आला नाही. तालमीच्या संघाकडून त्याला बोलावणं आलं होतं, तिकडेही गेला नाही.

त्या वहीचं नववीचं पान मी परवा रात्री उघडलं. पाच सामन्यांतले सहा गोल एकाच सामन्यात झालेले. आंतरशालेय स्पर्धा, जुलै महिना. पावसाळ्यात गांधी मैदानाचं कसं तळं होतं ते तुम्हाला सांगायला नको. आणि समासात, माझ्याच अक्षरात, पेन्सिलने, 'दोन्ही बॅक एनसीसी कॅम्पला'. बघा म्हणजे! मला माहीत होतं. मी लिहूनही ठेवलं होतं. फलकावर उतरवताना फक्त बेरीज उतरवली, समास उतरवला नाही.

तो सामना बाजूला काढला तर नववीत चार सामन्यांत पाच गोल, दहावीत सहा सामन्यांत चार. वाईट सामना काढून टाकायला कारण लागतं, नाहीतर तीही चोरी. पण इथे कारण समासात, त्याच दिवशी लिहिलेलं आहे. आणि पाच आणि चार यांच्यातला फरक? गणिताच्या सरांसमोर त्याचं वर्गमूळ काढायलाही मला लाज वाटेल. शिवाय दहावीत आपल्याकडे दुसऱ्या शाळेतून आलेली दोन दांडगी पोरं मागे उभी होती आणि सोडतीत पहिल्या दोन फेऱ्यांना संघही हलके आले होते. नवा गोलकीपर चांगला होता, त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही, तोही इथे बसलाय आणि मला मघापासून डोळे वटारतोय. पण तो जुन्यापेक्षा चांगला होता, हे माझ्या आकड्यांनी सिद्ध होत नव्हतं. तसं काहीच सिद्ध होत नव्हतं.

फोनवर मी त्याला हे सगळं सांगितलं, मास्तर सांगतात तसं, सविस्तर. तो बराच वेळ गप्प होता. मागे गुऱ्हाळाचा आवाज येत होता. मग म्हणाला, "सहा बसले ते लिवलंस. किती धरले ते लिवलंस काय?"

नव्हतं लिहिलं. वहीत तो रकानाच नाही. गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला, पेनल्टी की काय, सगळं आहे. अडवलेल्या फटक्यांसाठी मी रेघच मारली नव्हती. मला तेव्हा सुचलंच नाही की ती मोजायची गोष्ट आहे. कीव्हच्या आणि लिव्हरपूलच्या सामन्यांत कुणी कुठून फटका मारला ते मी आज घरी बसून बघू शकतो. गांधी मैदानावरच्या त्या दुपारचं कुणाकडे काही नाही.

म्हणून मी आज ही वही इथे टेबलावर ठेवतोय. ते पान उघडं ठेवलंय, शेजारी पेन आहे. त्या दिवशी आपल्यातले निदान दहापंधरा जण गोलमागे छत्र्या घेऊन उभे होते, मला पक्कं आठवतं, कारण माझी छत्री तिथेच हरवली. जेवणाआधी जरा येऊन जा आणि त्याने धरलेला एखादा चेंडू आठवत असेल तर समासात लिहा. चाळीस वर्षांनी आठवलेले चेंडू थोडे जास्तच होणार, तेवढी सूट मी धरून ठेवली आहे. खेळाच्या सरांनी आल्या आल्याच एक सांगितलाय, उजव्या कोपऱ्यातला, एका हाताने बाहेर काढलेला. तो मी लिहून टाकलाय.

संयोजक हात दाखवतायत. तांबडा-पांढरा गरम आहे म्हणे. थांबतो.